बॉनेटपुढची मंडळी

कोल्हापुरात बंद पडलेली गाडी फार वेळ खासगी राहत नाही. बॉनेट वर झालं की ती सार्वजनिक होते. इतर गावांत लोक बंद गाडीला वळसा घालून जातात. फार तर "कडेला घ्या की" एवढं सुचवतात. आमच्याकडे कडेला घ्यायचं काम लोकच करतात आणि मग पुढं जायचं विसरतात. यात त्यांचा दोष नाही. या शहरात उद्यमनगर आहे, शिरोलीला एमआयडीसी आहे, आणि तिथल्या फाउंड्र्यांमधून गाड्यांचे सुटे भाग ओतून देशभर जातात. तेव्हा रस्त्यानं चाललेल्या कुठल्याही चार माणसांत एकानं तरी इंजिनाचा एखादा अवयव लालभडक असताना बघितलेला असतो. उरलेले तिघे त्याच्या ओळखीचे निघतात.

या मंडळींत गाडीच्या मालकाचं स्थान अगदी शेवटचं. त्याला कुणी काही विचारत नाही. "सेल्फ मारा" म्हटलं की सेल्फ मारायचा, "रेस द्या" म्हटलं की रेस द्यायची, "बास बास बास!" म्हटलं की थांबायचं. मी हे काम मन लावून केलेलं आहे आणि माझ्या हाताला त्यात चांगलं वळण आलं आहे.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, फिकट बदामी. १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. इंजिनातली सगळ्यात हुशार वस्तू म्हणजे थर्मोस्टॅट. सासऱ्यांनी ती घेतली तेव्हा पैसे दिले की गाडी मिळत नसे, नंबर मिळत असे. तो नंबर लागेपर्यंत त्यांनी जी वाट बघितली, तिचा हिशोब ते पुढं गाडीच्या बाबतीत लावत राहिले. तिच्या देखभालीचे त्यांचे काही नियम होते. सकाळी चोक ओढल्यावर लगेच निघायचं नाही. पाण्याची पातळी रोज बघायची. परगावी निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे वाटेतल्या अनोळखी पंपावरचं पेट्रोल तिच्या पोटात जायला नको. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वयोमर्यादेनं रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले, लोक हळवे झाले. त्याच सुमारास आमचीही रस्त्यावरून उतरायला लागली होती, फक्त कडेला.

सासऱ्यांनी ही गाडी मला दिली. मेव्हण्याला नाही. हे वाक्य मी इथं एकदाच लिहितो. सांगलीत ते अजून उच्चारलं जात नाही. मेव्हणा मनानं मोठा. तो रुसला नाही, उलट गाडीच्या अंगावर काही ना काही चढवत राहिला. कधी सीटकव्हर, कधी मागचे मडफ्लॅप, आणि एका दिवाळीत पेट्रोलच्या टाकीला कुलपाचं झाकण. "दाजी, जुनं झाकण कुणीबी फिरवून काढंल. दिवस कसले आलेत बघा." दुकानदारानं दोन झाकणांवर सवलत दिली म्हणून त्यानं आपल्या जुन्या मारुतीलाही तिच्या मापाचं एक बसवलं होतं. किल्ली दोघांनी आपापल्या जुडग्यात अडकवली आणि चकल्या खाल्ल्या.

आता दुखण्याबद्दल. गावात गाडी कधीच बंद पडत नसे. भाऊसिंगजी रोडची कोंडी, गंगावेशीतली गर्दी, संध्याकाळी रंकाळ्याची चक्कर, सगळीकडे निमूट चालायची. पन्हाळ्याला पाचशेच्या पेट्रोलवर जाऊन यायची, तेही घाट चढून. सांगलीच्या रस्त्याला मात्र हातकणंगल्याच्या थोडं अलीकडं किंवा पलीकडं तिचा जीव घाबरा व्हायचा. आधी एक हलका झटका. मग दुसरा. मग पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर नुसता खाली जायचा आणि काही घडायचं नाही. इंजिन इतकं शांतपणे बंद पडायचं, की रस्त्यावरच्या खडीचा आवाज यायला लागला की मगच आम्हाला कळायचं.

रस्ता सपाट, गाडी गरम नाही, काट्यावर पेट्रोल भरपूर. आणि सांगली म्हणजे माझी सासुरवाडी. बायकोनं पहिल्यांदा गाडीकडं पाहिलं, दुसऱ्यांदा माझ्याकडं.

"पन्हाळ्याला जाताना काही होत नाही हिला," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मी काय केलं?"

"मी कुठं काय म्हटलं?"

तर हातकणंगल्याच्या रस्त्यावर बॉनेट वर होई आणि मंडळी जमत. पहिला निदान करणारा बहुधा ट्रॅक्टरवाला असे. त्याचं मत ठरलेलं: "पेट्रोल उकळलंय." या रोगाला गॅरेजमध्ये व्हेपर लॉक म्हणतात, आणि तो काही थोतांड नाही. या गाड्यांचा पेट्रोलपंप इंजिनाला चिकटून असतो. आतल्या कॅमशाफ्टच्या धक्क्यानं त्याचा पडदा खालीवर होतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. इंजिन फार तापलं की पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफेलाच चावत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. खंडाळ्याच्या आणि खंबाटकीच्या घाटात पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले फियाट आणि अँबेसेडरवाले एका पिढीनं पाहिलेले आहेत. ट्रॅक्टरवाल्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं, फडकं पंपावर गुंडाळलं, तंबाखू मळली, ती चांगली मळून तोंडात गेली आणि तो म्हणाला, "मारा आता." गाडी एका सेल्फला सुरू झाली. तो हात झटकत ट्रॅक्टरवर चढला. त्या दिवशी मी मनोमन त्याला नमस्कार केला.

पुढच्या खेपेस गर्दीत एक निवृत्त एसटी मेकॅनिक निघाले. त्यांनी फडक्याकडं तुच्छतेनं पाहिलं. "हे पॉइंटचं काम आहे." त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला (निवृत्तीनंतरही पॉलिश पेपर खिशात ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो), पॉइंट घासले आणि हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा मधे घालून गॅप लावला. "गॅप गेली की ठिणगी मरती." टोपण बसवलं. एक सेल्फ. सुरू!

त्यानंतर एकानं टाकीकडून पंपाला येणारी नळी सोडवली, तोंडात धरून टाकीच्या दिशेनं जोरात फुंकर मारली, थुंकला आणि म्हणाला, "कचरा." सुरू. दुसऱ्या एकानं कॉइलवर हात ठेवून "तापलीया" म्हटलं आणि ती थंड व्हायची वाट बघितली. सुरू. एका आजींनी काहीच न करता गाडीवरून लिंबू उतरवलं आणि ते चाकाखाली ठेवलं. तेव्हाही सुरू, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यांत कमी सेल्फ आजींच्या वेळेला लागला.

प्रत्येकाचा इलाज लागू पडत होता, ही या दुखण्यातली खरी अडचण. इलाज करायला दहा मिनिटं लागायची आणि गाडीला बरं व्हायला दहा मिनिटं लागायची. मधे तुम्ही फडकं टाका, पॉइंट घासा, लिंबू उतरवा नाहीतर उसाचं कांडं खा. परिणामी त्या रस्त्यावर आज निदान अर्धा डझन माणसं अशी आहेत, की ज्यांनी स्वतःच्या हातानं फियाट दुरुस्त केलेली आहे आणि जी यापुढं प्रत्येक बंद गाडीला तोच इलाज करणार आहेत. त्यांना खोटं ठरवणारा पुरावा त्यांच्यासमोर कधी आलाच नाही. दहा मिनिटांनी गाडी निघून गेली.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडं नेली तर वेगळीच तऱ्हा. मिस्त्री म्हणाले, "बंद पाडून दाखवा." मी गाडी गॅरेजच्या दारात चालू ठेवली. ती दुपारभर चालली. मिस्त्री जेवून आले, ती चालूच. त्यांच्या पोऱ्यानं शेजारच्या रिक्षाचा क्लच बदलून होईपर्यंत चालू. मिस्त्रींनी कानाला लांब स्क्रू ड्रायव्हर लावून इंजिनाचे ठोके ऐकले. "घड्याळ हाय घड्याळ," ते म्हणाले. "म्हातारीला काय झालेलं न्हाई. तुमचंच काय तरी बघाय पायजे." मी हातकणंगल्याबद्दल सांगितलं. त्यांनी माझ्याकडं करुणेनं पाहिलं आणि हातकणंगल्याला गॅरेज कुणाचं आहे ते विचारलं.

तरीही आलोय म्हणून त्यांनी कार्बोरेटर उतरवला. फ्लोट हलवून बघितला, नीडल बघितली, जेटमधून हवा मारली, पेट्रोलचा फिल्टर बदलला. रस्त्यापलीकडच्या वायरिंगवाल्यानं कॉइल आणि कंडेन्सर बदलून टाकले. हे दोघं एकमेकांच्या समोर बसतात आणि एकमेकांचं निदान मानत नाहीत. मिस्त्रींच्या मते जगातल्या सगळ्या गाड्या कचऱ्यानं बंद पडतात. वायरिंगवाल्याच्या मते करंटनं. यात वायरिंगवाल्याचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नव्हतं. जुनी कॉइल किंवा कंडेन्सर तापला की ठिणगी देणं सोडून देतो, आणि निवला की पुन्हा कामाला लागतो. म्हणजे चालता चालता बंद, दहा मिनिटांनी सुरू. व्हेपर लॉकचंही तेच. दुखणी वेगळी आणि लक्षण एकच, त्यामुळं कुणीही कुठलंही निदान ठामपणे करायला मोकळा. बिल मात्र दोघांनी वेगवेगळं केलं.

गाडी पुन्हा हातकणंगल्याला बंद पडली.

आता प्रकरण आमच्या सोसायटीत आलं. तळमजल्यावर आण्णा राहतात. करवीर तालुक्यात त्यांचा ऊस आहे. वरच्या मजल्यावर सर राहतात. त्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि निम्म्या गल्लीच्या प्रगतिपुस्तकांवर त्यांची सही आहे. गाडी पार्किंगमध्ये होती, सुस्थितीत होती, तरी बॉनेट वर झालं. सरांनी चष्मा नीट केला आणि सांगितलं, "इथेनॉल."

हा मुद्दा खरं तर विचार करण्याजोगा आहे. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी धरून ठेवतं, जुन्या रबराच्या नळ्यांना ते मानवत नाही, आणि वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी बसलेला गाळही ते सोडवून आणतं. १९८६ साली नळ्या बनवणाऱ्यानं याचा विचार केला असण्याचं कारण नव्हतं. सरांनी हे सगळं फळ्यावर लिहिल्यागत सांगितलं. चूक एवढीच झाली की त्यांनी ते आण्णांसमोर सांगितलं.

"इथेनॉल कशाचं करतात, सर?" आण्णांनी विचारलं.

"मळीपासून, उसाच्या रसापासून..."

"ऊस कुणाचा?"

सर गप्प झाले.

"आमच्या उसानं आजवर कुणाचं काय बंद पडलेलं न्हाई," आण्णा म्हणाले. "कारखान्याचं बिल तेवढं उशिरा येतंय. ह्येचा दोष त्येच्यावर घालू नगासा."

यानंतर चर्चा एफआरपीवर गेली, तिथून साखरेच्या निर्यातीवर, आणि बॉनेट संध्याकाळपर्यंत उघडंच राहिलं. एका मांजरानं एअर फिल्टरवर झोप काढली. निदान करायच्या निमित्तानं जमलेल्या मंडळींत गाडीबद्दल बोलणं साधारण पहिल्या चहापर्यंतच टिकतं, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

या सगळ्या काळात बायको काही बोलत नव्हती. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, आता निवृत्त आहे. जनरल वॉर्डात जन्म काढलेल्या बाईला मोठ्यानं बोलणाऱ्या पुरुषांच्या घोळक्याचं काही वाटत नाही. राउंड संपला की खरं काम सुरू होतं हे तिला माहीत असतं. एका रविवारी तिनं दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर रकाने आखले.

"हे काय?"

"केसपेपर. कुणी काढलाय का आजवर? जो येतो तो पोट उघडून बघतोय. कधी दुखतं, किती वेळ दुखतं, कशानं थांबतं, आदल्या दिवशी काय खाल्लं होतं, कुणी विचारलंय?"

विचारलं नव्हतं. मलाही नाही आणि गाडीलाही नाही.

रकाने असे होते: ठिकाण, निघाल्यापासून किती किलोमीटर, ऊन की पाऊस, काट्यावर पेट्रोल किती, बंद पडल्यावर किती वेळानं सुरू. मी बाकीच्या भानगडी करत असताना ती डावीकडच्या सीटवर बसून पेन्सिलीनं भरत असे. बाहेर ट्रॅक्टरवाला फडकं पिळत असे, आत ही मनगटावरच्या घड्याळात बघत असे; नाडी मोजायची सवय.

पावसाळ्यात व्हेपर लॉक वारलं. बॉनेटवर धो धो पाऊस पडत असताना आणि रेडिएटर कोमट असताना गाडी त्याच टप्प्यात बंद पडली. "उकळलंय म्हणणाऱ्याला आता बोलवा," ती म्हणाली. करंटचा निकाल तिनं मला भर रस्त्यात लावायला लावला: बंद पडल्या पडल्या, कुणी जमायच्या आत, प्लगची वायर काढायची, तिच्यात जास्तीचा प्लग खोचून तो ब्लॉकला टेकवायचा आणि तिनं सेल्फ मारायचा. प्लगच्या टोकाला निळी, कडक ठिणगी. म्हणजे करंट जिवंत, कॉइल जिवंत, वायरिंगवाल्याचं बिल मात्र वाया. उरलं पेट्रोल. कार्बोरेटरची नळी काढून सेल्फ मारला तर एरवी पिचकारी यायची तिथं एक थेंब लोंबकळत होता. टाकी भरलेली, नळी साफ, पंप गॅरेजात ठणठणीत, आणि पेट्रोल येत नाही.

पण तिचं लक्ष दुसऱ्याच रकान्यावर होतं.

"हे बघा. जेव्हा जेव्हा बंद पडली, तेव्हा काटा वर टेकलेला. एकदाही अर्ध्यावर नाही. येताना कधी बंद पडत नाही, कारण येताना टाकी उतरलेली असते. पन्हाळ्याला पाचशेचं घालता, म्हणून काही होत नाही. गावात तर तुम्ही दोनशेच्या पुढं जातच नाही."

"मग?"

"मग काय. जेवणानंतर दुखतंय."

तोवर घरात या गोष्टीचा अर्थ असा लावला गेला होता, की गाडीला सांगलीला जायचं नसतं, पण सांगलीहून यायचं असतं, आणि हा स्वभाव तिनं माझ्याकडून उचलला. आता निष्पन्न झालं की सांगलीचा काही संबंध नाही, सासऱ्यांच्या शिस्तीचा आहे. परगावी निघताना गळ्यापर्यंत. मला स्वतःला फार हलकं वाटलं. पण भरल्या पोटानं गाडी उपाशी का मरते, ते काही कळेना.

ते जयसिंगपूरच्या पंपावर कळलं. झटके सुरू झाले तेव्हा नशिबानं पंप समोरच होता. गाडी उतरत्या वेगात आत गेली आणि बरोबर पेट्रोल भरायच्या जागी थांबली. तिथं एक ताई होती, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेली. आम्हाला पेट्रोल नको होतं, पण आलोच आहोत आणि मागं रांग लागली आहे म्हणून मी किल्ली दिली. तिनं कुलूप काढलं आणि झाकण फिरवलं. ते फिरेना. जोर लावला तसं निघालं, आणि फुस्सऽऽऽ असा लांबलचक आवाज झाला. ताई एक पाऊल मागं सरली.

"काका, ही गाडी उलटं करती."

"म्हणजे?"

"उन्हात आलेल्या गाड्या झाकण काढलं की वाफ भाईर टाकत्यात. ही आत वढती. माझ्या हातातला कपडा टाकीच्या तोंडाला चिकटला बघा." आणि मग आत बघून, "टाकी तर भरलीया की ओ. पेट्रोल कुठं घालू?"

डावीकडचं दार उघडलं. बायको उतरली, मागं आली, ताईच्या हातातलं झाकण घेतलं, उलटसुलट केलं, प्रकाशात धरलं.

"सलाईन," ती म्हणाली.

पूर्वी सलाईन काचेच्या बाटल्यांतून यायचं, तेव्हा बाटली उलटी टांगली की तिच्या बुचात नळीशिवाय एक मोकळी सुई टोचावी लागे. त्या सुईनं हवा आत जायची आणि तेवढं सलाईन खाली यायचं. नवखी सिस्टर ती सुई विसरली की थेंब हळू होत होत थांबायचे; बाटली भरलेली, नळी मोकळी आणि रोग्याला काही मिळत नाही. आमच्या टाकीचं नेमकं तेच चाललं होतं. मूळच्या झाकणाला हवा आत घ्यायला बारीक वाट होती. कुलपाच्या झाकणाला नव्हती. वर ठणठणीत रबरी वॉशर. जेवढं पेट्रोल पंप ओढून नेई तेवढी पोकळी टाकीत तयार होई. टाकी अर्धी असली तर आत वीस-एक लिटर हवा असते, त्यातून दीड-दोन लिटर पेट्रोल गेलं तरी दाबात फारसा फरक पडत नाही. गळ्यापर्यंत भरली की वर हवा उरते जेमतेम एखाद-दोन लिटर. सांगलीच्या वाटेवर तेवढंच पेट्रोल खर्ची पडलं की आतला दाब धाडकन उतरतो, आणि इंजिनापाशी बसलेल्या बिचाऱ्या पंपाला ओढाताणीत हार मानावी लागते. मग गाडी उभी राहिली की वॉशरच्या कडेनं हवा हळूहळू आत झिरपते. तिला लागतात दहा मिनिटं.

म्हणजे फडकं, पॉइंट, लिंबू, सगळे त्या दहा मिनिटांच्या जिवावर नाव कमावून गेले होते. फक्त नळीत फुंकर मारून थुंकणाऱ्या माणसानं खरोखर काही केलं होतं: त्यानं छातीभर हवा उलट्या वाटेनं टाकीत घातली होती. त्याला ते माहीत नव्हतं, आणि "कचरा" हे त्याचं निदान चूक होतं, पण उपचार बरोबर होता. बायको म्हणाली, असले डॉक्टर तिनं पाहिले आहेत.

आणि आजवरची सगळी मंडळी गाडीच्या पुढं उभी होती. ट्रॅक्टरवाले, एसटीवाले, मिस्त्री, वायरिंगवाले, सर, आण्णा, मी. गाडीच्या मागच्या बाजूला कधी कुणी गेलंच नाही. एक ही ताई सोडली तर, आणि तिचं कामच मागं होतं.

माझ्या दृष्टीनं विषय इथं संपला होता. सिस्टरच्या दृष्टीनं नाही. पुढच्या वेळी टाकी गळ्यापर्यंत भरून, झाकण कुलूप न लावता सैल ठेवून आम्ही निघालो. "मागं कुणी विडी ओढत आला तर हात करून लांब ठेवायचा" अशी मला ताकीद. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं, अंकलीचा पूल गेला, गाडी तशीच गुणगुणत. आम्ही इतक्या वेळेवर पोचलो की सासूबाईंची पंचाईत झाली. आमच्या बंद पडण्याचा वेळ धरून त्या कुकर लावत असत. तरीही त्याच्या पुढच्या खेपेला तिनं मला झाकण मुद्दाम घट्ट लावायला सांगितलं. "औषध थांबवून बघायचं. दुखणं परत आलं तर औषध खरं." हातकणंगल्याच्या अलीकडं दुखणं इमानानं परत आलं. मी उतरलो, मागं गेलो, झाकण फिरवलं. फुस्स. सेल्फ मारला, सुरू. एक सायकलवाला बॉनेट उघडायच्या अपेक्षेनं थांबला होता, तो हिरमुसला.

मिस्त्रींनी झाकण हातात घेतलं.

"हे कुठलं?"

"भेट आहे."

"कुणाची?"

"मेव्हण्याची."

"मग बराबर हाय," मिस्त्री म्हणाले आणि एक मिलिमीटरचं ड्रिल शोधायला लागले. भोक त्यांनी किल्लीच्या झडपेखाली पाडलं. पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको एवढं व्यवहारज्ञान त्यांना आहे. भेटवस्तू शाबूत राहिली, कुलूपही शाबूत राहिलं.

गाडी बरी झाल्याचा आनंद सर्वांना झाला, कारण ती प्रत्येकानंच बरी केली होती. वायरिंगवाल्याचं म्हणणं, नवी कॉइल सेट व्हायला वेळ लागतोच. मिस्त्रींच्या मते जेट साफ नसतं तर भोक पाडूनही उपयोग झाला नसता. आण्णांनी इथेनॉल निर्दोष सुटल्याबद्दल गुऱ्हाळातला रस पाठवला. सर आपण होऊन खाली आले आणि त्यांनी सगळं नियमानं समजावून दिलं: ठरावीक तापमानाला वायूचं आकारमान वाढलं की दाब कमी होतो, बॉइल, १६६२. मग गोरिक, मॅग्डेबर्ग, १६५७: दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, दोन्ही बाजूंना आठ आठ घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. "तुमच्या पंपाच्या वाट्याला ते काम आलं होतं," सर म्हणाले. हे त्यांनी आठवीच्या किती तुकड्यांना शिकवलं असेल. त्यांनी इतकं सुंदर समजावलं, की त्यांना इथेनॉलची आठवण करून देणं कुणालाच बरं वाटलं नाही.

सांगलीत कुणी काही बोललं नाही. झाकणाची हकीकत तिथवर जाऊ द्यायची नाही असं आमचं नवराबायकोचं ठरलं होतं. मेव्हणा गाडी बघून म्हणाला, "दाजी, झाकण टिकलंय न्हवं?" मी म्हणालो, "मजबूत आहे."

परवा रात्री त्याचा फोन आला. बायकोनं घेतला, आणि स्पीकर चालू केला. त्याची मारुती बंद पडत होती. गावात नाही, कोल्हापूरच्या बाजूला निघालं की अंकलीचा पूल ओलांडल्यावर कुठंतरी. झटके देते, बसते, जरा वेळानं आपली आपण सुरू होते. कॉइल बदलून झाली होती. पंप बदलून झाला होता. आता कार्बोरेटर नवा घ्यायचं चाललं होतं. "ताई, घरात सगळी म्हणाय लागल्यात, मला तुमच्याकडं याचं नसतंय म्हणून गाडी बंद पडती. दाजींच्या गाडीचं काय निघालं गं शेवटी?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी दिनदर्शिकेकडं.

"निघताना टाकी फुल्ल करतोस?"

"मग! बाबांची शिस्त हाय ती."

"फोनवर औषध सांगत नाही मी," ती म्हणाली. "रविवारी येतो आम्ही. तोवर अर्ध्या टाकीवर फिर आणि बॉनेटला कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि आईला म्हणावं, कुकर वेळेवर लाव."